समुद्र किंवा खाडीकाठी गृहप्रकल्प येत असल्यास हरकत कुठे व केव्हा नोंदवावी?

आपल्या वस्तीलगत, पाण्याच्या काठावर मोठा गृहप्रकल्प प्रस्तावित असल्याचे कळले की रहिवासी जनसुनावणीच्या नोटिशीची वाट पाहतात. ही नोटीस बहुधा येत नाही. केंद्र शासनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत इमारत बांधकाम व वसाहत प्रकल्पांना सर्वसाधारणपणे जनसुनावणीतून सूट आहे. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, मात्र तिची तपासणी तज्ज्ञ समितीपुढे कागदपत्रांवर होते. गावात मंडप घालून नव्हे. त्यामुळे आपले म्हणणे मांडण्याची खरी वेळ प्रकल्पाच्या बरीच आधी येते. ती वेळ म्हणजे नकाशा तयार होतानाची.

नकाशावर आपली वस्ती आहे का?

किनाऱ्यावरील बांधकामाला किनारी क्षेत्र नियमन, म्हणजे सीआरझेडचे नियम लागू होतात. सध्याची अधिसूचना १८ जानेवारी २०१९ ची आहे. तिच्यानुसार प्रत्येक किनारी राज्याला किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखडा करावा लागतो, आणि त्याच्या मसुद्यावर जिल्हा स्तरावर जनसुनावणी घेणे बंधनकारक आहे. मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, धक्के, बर्फाचे कारखाने व मासे वाळवण्याची ठिकाणे गाव नकाशावर दाखवावीत, असे अधिसूचना सांगते. मच्छीमार कुटुंबे वाढतात, मुलांची लग्ने होतात, घरे अपुरी पडतात; ही दीर्घकालीन घरांची गरज लक्षात घेऊन राज्याने सविस्तर नियोजन करावे, असेही तिच्यात म्हटले आहे. आमच्या मते लाभार्थ्यांसाठी संपूर्ण अधिसूचनेतील सर्वांत उपयोगाची तरतूद हीच आहे. होड्या ओढून ठेवण्याची जागा नकाशावर मोकळी पडीक जमीन म्हणून दिसली, तर पुढे तिथे इमारतीचा प्रस्ताव आल्यावर "ही आमची वहिवाट आहे" हे सिद्ध करणे फार अवघड जाते.

महापालिका, नगरपरिषद किंवा नियोजन प्राधिकरणाचा विकास आराखडा वेगळा असतो. महाराष्ट्रात तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार तयार होतो. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर नोटिशीतील मुदतीत कोणीही लेखी हरकत देऊ शकतो व हरकत घेणाऱ्याला नियोजन समितीपुढे बोलण्याची संधी मिळते. अर्जात भूमापन क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक लिहावा, तिथे पिढ्यान्‌पिढ्या काय चालते ते साध्या भाषेत सांगावे आणि शिक्क्याची पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज दिला नसल्यासारखाच समजा.

अंतराचे नियम

ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असते. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक लोकवस्ती असलेल्या भागात ते ५० मीटर आहे. मात्र २०१९ च्या अधिसूचनेनुसार आराखडा मंजूर झालेला असला पाहिजे. सीआरझेडमध्ये स्वतःच्या राहत्या घराचे एकूण बांधकाम ३०० चौरस मीटरपर्यंत असेल, तर स्थानिक प्राधिकरण नियम तपासून परवानगी देऊ शकते. त्यासाठी राज्याच्या किनारी प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. विकासकाच्या संकुलाला ही सवलत नाही. भरतीचे पाणी न पोहोचणाऱ्या नदीकाठी सीआरझेड नसते, तिथे पूररेषा विचारा.

मंजुरी दिली गेली असेल तर

पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. उशिराचे कारण पटल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत मुभा मिळू शकते, त्यानंतर नाही. मंजुरीची प्रत माहिती अधिकारात मागता येते आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला त्यासाठी शुल्क नाही. परंतु माहिती देण्याची मुदतही ३० दिवसांचीच असल्याने अर्ज करून स्वस्थ बसू नये. केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावरही पाहावे. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना मोफत विधी सहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

अशा प्रकल्पात घर घेणार असाल तर

केरळमधील कोचीजवळच्या मरडू येथे खाडीकाठच्या चार निवासी संकुलांना स्थानिक पंचायतीने २००६ मध्ये बांधकाम परवाने दिले होते. किनारी प्राधिकरणाची संमती नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये ती पाडण्याचा आदेश दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी ती स्फोटकांनी पाडण्यात आली. सदनिकाधारकांना न्यायालयाने प्रत्येकी २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई मंजूर केली, पण घर गेलेच. म्हणून विक्रेत्याने फक्त पालिकेचा किंवा पंचायतीचा परवाना दाखवला, तर आगाऊ रक्कम देण्यापूर्वी किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाचे पत्र मागा आणि त्यावरील सर्व्हे क्रमांक आपल्या करारातील क्रमांकाशी जुळवून पाहा.