चिकानो, चिकाना

‘चिकानो’ या शब्दाची उकल करायची तर ‘मेक्सिको’तल्या ‘क्स’पाशी थांबावं लागतं. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिशमध्ये त्या अक्षराचा उच्चार ‘श’ होता. नाहुआत्ल भाषा बोलणाऱ्या एका मूळ लोकसमूहाचं नाव ‘मेशिका’, त्यावरून ‘मेशिकानो’. सुरुवातीचा ‘मे’ गळाला, ‘शि’चा ‘चि’ झाला. बहुतेक अभ्यासक हीच व्युत्पत्ती मानतात. अमेरिकेत गरीब मेक्सिकन मजुराला हिणवायला हा शब्द वापरत. १९६०च्या दशकात मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी तोच अभिमानाने मिरवला आणि १९६९मध्ये इतिहासकार रोडोल्फो अकुन्या यांनी कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिजच्या कॉलेजात ‘चिकानो अभ्यास’ विभाग उभा केला. शिवी विभागाच्या पाटीवर आली!

पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो ‘चिकाना’तला शेवटचा ‘आ’. आपल्या ‘घोडा’तला आकार पुल्लिंगी, स्पॅनिशमध्ये तो सहसा स्त्रीलिंगी. ‘चिकानो’त बायका गृहीत धरल्या जात. पण इतिहासकार विकी रुईझ यांनी फळं-भाज्या डबाबंद करणाऱ्या कारखान्यांतल्या मेक्सिकन कामगार बायकांना बोलतं केलं, त्यांच्या संघटनेचा इतिहास १९८७मध्ये पुस्तकरूपाने आणला. २०१५मध्ये त्या अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनच्या अध्यक्ष होत्या. आज कित्येक विभागांच्या नावात ‘चिकाना’ आधी येते, ‘चिकानो’ मागून.