विहिरीतली शर्यत

ज्या मुलुखात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, जेथील काळ्या भुईखाली मुरूम आणि मुरमाखाली कठीण काळा पाषाण लागतो, आणि गोदावरी वगळता जेथील बहुतेक नद्या उन्हाळ्यात वाळूचेच पात्र दाखवितात, त्या जालना जिल्ह्यात पोहण्याची परंपरा ती कसली असणार, असा प्रश्न कोकणच्या किंवा कोल्हापूरच्या माणसास पडला तर नवल नाही. परंतु परंपरा होती, आणि ती चांगली सघन होती. येथे पाणी पसरून राहिले नाही, ते खोल उतरून राहिले. म्हणून येथील मुलाचे पोहणेही खोलीच्या मापाने घडले, आणि पोहण्यातील त्याची पहिली चढाओढ पाण्याच्या लांबीवर न होता पाण्याच्या तळाशी झाली.

राज्यकर्त्यांनी येथे पाणी साठविले ते मुख्यतः पिण्यासाठी आणि नमाजापूर्वीच्या वुजूसाठी. कुंडलिका नदीच्या काठच्या जालना कसब्यात १५७८ मध्ये काळी मशीद उभारणाऱ्या जमशेदखानाने मोती तलाव बांधविला आणि त्याचे पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातील हौदांत खेळविले; पुढे निजामउल्मुल्काच्या हुकुमाने काबिलखानाने १७२५ मध्ये गढी उभी केली; निजामाच्याच अंमलात घाणेवाडीचा जलाशय झाला. होळकरांच्या संबंधामुळे अंबडास जी बारव अहिल्याबाईंच्या नावाने ओळखली जाते, ती तर धर्मकार्याची वास्तू. या साऱ्या पाण्यांवर कोणाचा ना कोणाचा पहारा, नियम वा सोवळे असे. पोहणाऱ्या पोरांना मोकळे सापडे ते शेतातील मोटेच्या विहिरीचे पाणी.

त्या विहिरीचे स्वरूप नव्या पिढीस समजावून सांगावे लागेल. पाषाण फोडून तीस-चाळीस हात खाली नेलेला तो चौकोनी वा गोल खड्डा. एका अंगाने खडकातच कोरलेल्या पायऱ्या. वर मोटेचे पाणी पडे ते थारोळे, आणि मोट ओढणाऱ्या बैलांच्या येरझारांनी झिजलेली धाव. वैशाखात मोट सुटली, म्हणजे दुपारी ही विहीर मुलांच्या ताब्यात जाई. शिकाऊ पोराच्या पाठीला वाळलेले भोपळे किंवा पांगाऱ्याचा हलका ओंडका बांधीत, नाहीतर कमरेला कासरा बांधून त्याचे दुसरे टोक काठावरच्या चुलत्याच्या वा मामाच्या हाती असे. कासरा हळूहळू सैल होत जाई, भोपळ्यांतला एक काढून घेतला जाई, आणि एके दिवशी मागे कोणीच धरलेले नाही हे त्या पोरास पाण्याच्या मध्यावर कळे. ही शिक्षणपद्धती कोणी लिहून ठेवली नाही. परंतु आधार एकदम न काढता मुलाच्या नकळत काढावा, ही तिच्यातील मर्मदृष्टी मला आजच्या कोणत्याही प्रशिक्षकाच्या वहीइतकीच आदरणीय वाटते.

पोहता आले की शर्यत आलीच. ती तीन प्रकारची असे. कोण अधिक उंचावरून उडी घेतो, ही पहिली; त्यात पायरीवरून काठावर, काठावरून मोटेच्या चाकाजवळ, आणि तेथून वर झुकलेल्या झाडाच्या फांदीवर जाण्याचा क्रम ठरलेला असे, आणि सूर, मुटका असे उडीचे प्रकारही मोजले जात. कोण अधिक वेळ पाण्याखाली राहतो, ही दुसरी. तिचे काळमापन काठावरच्या पोरांच्या एकसुरी आकडेमोडीने होई. तिसरी आणि सर्वांत मानाची शर्यत तळ काढण्याची. थंडगार, हिरव्या काळोखात बुडी मारून, कानांत कळ उठत असता तळाची मूठभर माती घेऊन वर यायचे, आणि ती मूठ सर्वांसमक्ष उघडून दाखवायची. रिकामी मूठ दाखविणाऱ्याचा दावा रद्द. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने पहिल्यांदा ती माती वर आणली, म्हणजे त्याची गणना मोठ्या पोरांत होई, आणि हा निवाडा गावात वर्षानुवर्षे टिके.

गोदाकाठच्या गावांची तऱ्हा वेगळी. शहागडच्या बाजूस पात्र रुंद. तेथे भोपळ्यांच्या सांगडीवर माणसे उतरविणारे भोई आणि नावाडी होते, आणि त्यांची मुले प्रवाह कोठे ओढतो, भोवरा कोठे बसतो हे अनुभवाने शिकत. नदीचे हे ज्ञान काठच्या गावकऱ्यांच्या अंगवळणी पडलेले असते, याची साक्ष याच जिल्ह्यातील असईच्या लढाईत मिळते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा नदीस उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले असता, समोरासमोरच्या काठांवर दोन गावे इतकी जवळ वसली आहेत तेव्हा त्यांचे जाणेयेणे असलेच पाहिजे, असा तर्क इंग्रज सेनापती वेलस्लीने केला, आणि पिंपळगावाजवळ त्यास उतार सापडला. त्या उताराने सैन्य गेले, ही गोष्ट इतिहासाने नोंदली. त्याच उताराने त्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या पोरे ये-जा करीत असणार, ही कोणत्याही दप्तरात नाही.

या परंपरेचे कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवणे मला अप्रामाणिक वाटते. विहिरीतली ती शर्यत सर्वांसाठी खुली नव्हती. मुली काठावर कपडे धूत, घागरी भरीत. पाण्यात उतरणाऱ्या थोड्या, आणि त्यांच्या उड्यांना टाळ्या वाजविणारे त्याहून थोडे. आणि ज्यांचा स्पर्शच गाव वर्ज्य मानीत होते, त्यांच्या मुलांना पाणवठ्याचा काठही मिळत नसे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला तो पाणी पिण्याच्या हक्कासाठी, तेथे पोहण्याची गोष्ट फारच लांब. पोहण्याच्या तलावात आखलेल्या रेषांचे मोल मी जाणतो ते यासाठी. तेथे प्रत्येकास आपली मार्गिका नेमून दिलेली असते, आणि शेजारच्या मार्गिकेत कोण आहे यावरून पाणी विटाळत नाही.

हे रेषांचे पोहणेही फार जुने नाही. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये शर्यती उघड्या समुद्रात, थंड पाण्यात झाल्या. १९०८ मध्ये लंडनला जलतरणाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९१२ मध्ये स्टॉकहोमला स्त्रियांना प्रवेश मिळाला. आणि १९२४ च्या पॅरिसमध्ये पन्नास मीटरांचा, मार्गिका आखलेला तलाव आला. तेव्हा आमचा मुलुख निजामाच्या अंमलाखाली होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९६० मध्ये तो महाराष्ट्राचा भाग झाला, आणि १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील तालुके काढून जालना जिल्हा निर्माण झाला. शालेय क्रीडास्पर्धांची शिडी जिल्ह्यापासून चढायची असल्याने, येथल्या मुलास स्वतःच्या जिल्ह्याच्या नावाने पाण्यात उतरण्याची संधी त्यानंतरची. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे याने सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिक गाठले आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत फुलपाखरू शैलीच्या पन्नास मीटरांत कांस्यपदक मिळविले, तेव्हा मराठी मुलास हे साध्य आहे हे सर्वांस दिसले.

दुर्दैव असे, की तलावाची ही शिडी उभी राहत असतानाच विहिरींची शाळा मोडत गेली. मोटेची जागा विजेच्या पंपाने घेतली, १९७२ च्या दुष्काळानंतर कूपनलिका खोल खोल गेल्या, आणि विहिरींतील पाणी वैशाखापर्यंत टिकेनासे झाले. २०१२-१३ च्या दुष्काळात तर हा जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी एक होता. वीतभर रुंदीच्या कूपनलिकेत कोणते पोर उडी घेणार? शेततळी आली, परंतु प्लास्टिक अंथरलेल्या त्यांच्या निसरड्या उतारांवर पाय ठरत नाही. त्यांत पडलेले मूल पोहता येत असूनही वर येऊ शकत नाही, आणि काठावर कासरा धरून बसणारा मामा आता तेथे नसतो. अशा दुर्घटनांच्या बातम्या वाचताना मन विषण्ण होते.

तरीही एखादे मूल विहिरीत शिकून जिल्ह्याच्या पहिल्या स्पर्धेस येते. चौथऱ्यावर ते उभे राहते, शिट्टी होते, आणि सवयीने ते खोल सूर मारते. शेजारची मुले उथळ झेप घेऊन पुढे सरकत असतात तेव्हा ते तळाकडे निघालेले असते. मग काठ शोधण्यासाठी दर दोन हातांनी डोके वर, भिंतीशी पोचल्यावर वळायचे कसे हा गोंधळ, आणि मार्गिकेच्या दोरीस खांदा लागणे. निकालपत्रकात त्याचे नाव शेवटी येते. परंतु जाणत्या प्रशिक्षकाने त्याचा सुरुवातीचा भाग पुन्हा पाहावा, असे मला कळकळीने वाटते. कारण मुक्त शैलीत उडीनंतर आणि प्रत्येक वळणानंतर पंधरा मीटरांपर्यंत संपूर्ण पाण्याखाली राहण्याची नियमाने मुभा आहे, आणि श्वास कोंडून, न घाबरता तेवढे अंतर जाण्याचे बळ त्या मुलाने तळाची माती काढताना आधीच मिळविलेले असते. त्याचा सूर थोडा उथळ करून द्यायचा, आणि सोळाव्या मीटरापासून पुढचे हात शिकवायचे.