न सकारलेली हुंडी, न वटलेला धनादेश

मराठवाड्यातल्या जुन्या पेठांत मोठी रक्कम थैलीतून नेणे जोखमीचे होते. त्यात निजामी मुलखात हाली शिक्का, तर सीमेपलीकडे कलदार रुपया. व्यापाऱ्याचा आधार होता हुंडीचा. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे द्यायचे, मुदती हुंडीचे ठरलेल्या दिवशी. हुंडी सकारली गेली नाही, की पेढीचे नाव गेलेच. पण चूक कोणाच्याही हातून होते, हे त्या रिवाजाला ठाऊक होते. म्हणून हुंडीसोबत कधी ‘जिकरी’ चिठ्ठी असे. समोरच्याने हुंडी नाकारली, तर माझ्या नावाखातर तुम्ही पैसे द्या, अशी गावातल्या दुसऱ्या सावकाराला केलेली ती विनंती.

१८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यात धनादेश आला. देशी भाषेतल्या हुंड्यांचा स्थानिक रिवाज मात्र कायद्याने राखला. धनादेश परत आला तर वसुलीचा दिवाणी दावा करायचा. फौजदारी कारवाईसाठी फसवणुकीचा हेतू सिद्ध करावा लागे, आणि तेच अवघड.

१ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ लागू झाले आणि खात्यात शिल्लक नसल्याने देण्यापोटीचा धनादेश न वटणे हाच गुन्हा ठरला. २००२ च्या दुरुस्तीने कैद एका वर्षावरून दोन वर्षांपर्यंत वाढली. दंड रकमेच्या दुपटीपर्यंत होऊ शकतो.

समजा, लातूरच्या आडत्याने नांदेडच्या शेतकऱ्याला हळदीच्या पट्टीचा धनादेश दिला आणि आडत्याचे स्वतःचे येणे अडकले. ‘धनादेश परत येईल असे वाटले नव्हते’ हा बचाव कलम १४० प्रमाणे चालत नाही. शेतकऱ्याचे बी-बियाणे तर त्याच पैशांवर अवलंबून असते. बँकेकडून धनादेश परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत त्याने लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर आडत्याला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे दिले, तर गुन्हा होत नाही. न दिले, तर पुढच्या एका महिन्यात तक्रार करता येते. नोटिशीचे रजिस्टर पत्र घ्यायचे नाकारल्याने सुटका होत नाही.

२०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार शेतकऱ्याला लातूरला खेटे घालावे लागले असते. २०१५ च्या दुरुस्तीने ज्या शाखेत त्याचे खाते, तिथलेच न्यायालय त्याला मिळाले.

जिकरी चिठ्ठी पेठेतून गेली. तिची जागा आता त्या १५ दिवसांनी घेतली आहे. चूक झाली असेल, तर ते दिवस वाया घालवू नयेत.