वळसंगची विहीर आणि चोवीस तासांतला अर्धा तास

१/ सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना वळसंग हे गाव लागते. या गावात एक विहीर आहे. सार्वजनिक पाणवठ्यावर मज्जाव असलेल्या दलित वस्तीने ती स्वतःच्या कष्टाने खोदली आणि एप्रिल १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिचे पाणी प्राशन केले. ही आठवण गावाने आजवर जपली आहे. आजचा थ्रेड या विहिरीपासून सुरू होतो आणि मुंबईतल्या एका घरापर्यंत जातो.

२/ सुपरहिरोंच्या कथांमध्ये एक पेच हमखास असतो. नायकाजवळ असामान्य शक्ती असते. पण ती वापरली की झळ घरच्यांना लागते. म्हणून तो मुखवटा घालतो, नाव लपवतो. कधी कधी त्याला ती शक्तीच नकोशी होते. आपल्या इतिहासात हा पेच खरोखर जगलेला माणूस शोधायचा झाला, तर मला बाबासाहेब आठवतात. त्यांच्याजवळ मुखवटा नव्हता. त्यांचे नाव, पत्ता आणि शत्रू, सारे उघड होते.

३/ त्यांची शक्ती कोणती? विद्या, लेखणी, कायद्याचे ज्ञान आणि हजारो माणसांना एका शब्दावर उभे करण्याचे सामर्थ्य. यातले काहीही दैवी नव्हते. वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून ते मिळवलेले होते, आणि त्या प्रत्येक वर्षाची किंमत घरात कोणीतरी मोजत होते. ती किंमत मोजणाऱ्या व्यक्तीचे नाव रमाबाई.

४/ १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर रात्री, भीमराव आणि रमाबाई यांचा विवाह झाला. रमाबाई दापोलीजवळच्या वणंद गावच्या. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले. विवाहाच्या वेळी त्या दहा वर्षांच्याही नव्हत्या. नवरा शाळेत शिकत होता. या संसाराचे पुढे काय होणार आहे, याची कल्पना त्या दोघांनाही असणे शक्य नव्हते.

५/ डिसेंबर १९१२ मध्ये यशवंतचा जन्म झाला. फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून १९१६ साली लंडन. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून ते परतले. या चार वर्षांत मुंबईतले घर रमाबाईंनी चालवले.

६/ परत आल्यावर काय घडले, हे प्रसिद्ध आहे. बडोद्यात नोकरी मिळाली. परंतु राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहात आश्रय घेतला, तर जात कळताच लोक लाठ्या घेऊन दारात उभे राहिले. विद्येची शक्ती हाताशी होती आणि ती डोक्यावर साधे छप्परही मिळवून देऊ शकत नव्हती. ते मुंबईला परतले.

७/ १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली. हा क्षण महत्त्वाचा आहे. सुस्थिर वेतन, पुस्तके, संसार, सारे आता आवाक्यात होते. एखादा दुसरा माणूस येथे थांबला असता आणि त्याला दोषही देता आला नसता. बाबासाहेबांनी मात्र काटकसर करून पैसे साठवले, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, आणि जुलै १९२० मध्ये अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली ते बॅरिस्टर होऊन परतले.

८/ या वर्षांत आणि पुढच्या काही वर्षांत या दांपत्याने पाचपैकी चार अपत्ये गमावली: गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटचा राजरत्न. राजरत्न गेला जुलै १९२६ मध्ये. पुढच्याच महिन्यात बाबासाहेबांनी कोल्हापूरचे स्नेही दत्तोबा पवार यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. तीन मुलगे आणि एक मुलगी आपण मातीआड केली, मुलांवाचून आयुष्यातली गोडीच संपली, अशा आशयाचे ते पत्र आहे. त्या पत्रात नेता कुठेच दिसत नाही. दिसतो तो खचलेला बाप.

९/ त्यानंतर आठच महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, हाच बाप महाडच्या चवदार तळ्यावर उभा होता. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तो कागदावरच राहिला होता. बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्यायले, त्यांच्यामागून हजारोंनी प्यायले. थोड्याच वेळात, हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा उठली आणि परिषदेला आलेल्या माणसांवर हल्ले झाले.

१०/ शक्ती धोकादायक असते, ती अशी. तळ्यावर नेणारा शब्द बाबासाहेबांचा होता. डोकी फुटली ती अनुयायांची. प्रतिकारासाठी माणसे त्यांच्या इशाऱ्याची वाट पाहत होती. त्यांनी तो इशारा दिला नाही, लोकांना शांत ठेवले आणि दाद कायद्याकडे मागितली. हाती असलेली शक्ती कुठे वापरायची नाही, हा निर्णय ती वापरण्याहून कठीण असतो.

११/ महाडनंतर पंधरवड्यातच, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू झाले. पदरी पुरेसा पैसा नाही, लेखकवर्ग नाही. अंकाचे रकानेच्या रकाने संपादकच लिहून काढी. पत्र तोट्यात होते. फेब्रुवारी १९२८ मध्ये बाबासाहेबांनी वाचकांसाठी एक अग्रलेख लिहिला. त्याचा मथळा: ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’

१२/ हा लेख म्हणजे मदतीचे आवाहन. त्यात संपादक आपण काय काय सोसले याचा हिशेब मांडतो, आणि त्या हिशेबात अचानक पत्नी येते. आपण परदेशी असताना तिने रात्रंदिवस प्रपंच सांभाळला. परत आल्यावरच्या हलाखीत तिने शेणींचे भारे स्वतःच्या डोक्यावरून वाहिले. अशा स्त्रीच्या सहवासात आपल्याला दिवसाच्या चोवीस तासांतून अर्धा तासही घालवता आला नाही, असे ते स्वतःच नमूद करतात.

१३/ क्षणभर येथे थांबू या. साल १९२८. सार्वजनिक पुरुषाने पत्नीच्या कष्टांचा छापील उल्लेख करणे ही तेव्हा नित्याची गोष्ट नव्हती. बाबासाहेबांनी तो केला, आणि त्यागाचे श्रेय एकट्याकडे ठेवले नाही. समाजाचे आपल्यावर ऋण आहे तसे या स्त्रीचेही आहे, आणि ते फिटलेले नाही, हे त्यांना ठाऊक होते.

१४/ पुढच्या वर्षांत उसंत मिळालीच नाही. १९३० पासून गोलमेज परिषदांसाठी लंडनच्या वाऱ्या. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींचे उपोषण आणि २४ तारखेचा पुणे करार. त्या दिवसांत बाबासाहेबांना ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत होती. याच सुमारास दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभे राहिले. घर झाले, ग्रंथालय झाले. पण रमाबाईंची प्रकृती ढासळत गेली.

१५/ रमाबाईंची एक इच्छा आपल्या सोलापूर जिल्ह्याशी जोडलेली आहे. त्यांना पंढरपूरला जायचे होते. चरित्रकार धनंजय कीर यांनी हा प्रसंग नोंदवला आहे. जो विठ्ठल आपल्या भक्तांना दुरूनच नमस्कार करायला लावतो त्याच्या दारी जाण्यापेक्षा, आपण आपल्या आचरणातून दुसरे पंढरपूर निर्माण करू, अशा अर्थाची समजूत बाबासाहेबांनी घातली.

१६/ तत्त्व म्हणून हे उत्तर बिनतोड आहे. पत्नीच्या बाजूने पाहिले तर मात्र त्यात एक साधी, अपुरी राहिलेली इच्छा उरते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि यांतली एक सांगण्यासाठी दुसरी पुसण्याची गरज नाही. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. रमाबाई २७ मे १९३५ रोजीच गेल्या होत्या.

१७/ पाच महिन्यांच्या आत, ऑक्टोबर १९३५ मध्ये, येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या दाव्यात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. महाडच्या सत्याग्रहाला दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस उरले होते. वळसंगच्या विहिरीचे पाणी त्यांनी प्यायले, ते या निकालानंतर महिनाभराने. त्या वेळी रमाबाईंना जाऊन दोन वर्षेही झाली नव्हती.

१८/ १९४० च्या अखेरीस त्यांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरील ग्रंथ पूर्ण केला. विषय राजकारणाचा, भाषा युक्तिवादाची. अर्पणपत्रिका मात्र ‘रामू’च्या स्मृतीला. तिच्या मनाचा चांगुलपणा, आणि मित्र नसलेल्या, ददात असलेल्या दिवसांत तिने शांतपणे दिलेली साथ, यांची कृतज्ञ नोंद त्यांनी तेथे केली. अर्ध्या तासाचे ते देणे त्यांच्या मनात अजूनही बाकी होते.

१९/ आता मूळ प्रश्न. बाबासाहेबांना सुपरहिरो व्हायचे होते काय? जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात न्या. रानडे यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात त्यांनी विभूतिपूजेवर कठोर टीका केली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत, राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला. नेतृत्व त्यांनी कधी टाळले नाही. देवत्व मात्र त्यांनी सतत नाकारले.

२०/ या नकारामागे राजकीय तत्त्वज्ञान आहेच. पण मला वाटते, १९२८ चा तो अग्रलेखही त्याच्या शेजारी ठेवून वाचावा. माणसाला अतिमानव ठरवले की त्याचे यश चमत्कार होऊन बसते, आणि चमत्काराला खर्च नसतो. मग शेणींचे भारे दिसत नाहीत, चार लहानग्यांचे मृत्यू दिसत नाहीत, महाडला मार खाल्लेली माणसे दिसत नाहीत. बाबासाहेबांनी स्वतः हा खर्च लिहून ठेवला. तो वगळण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

२१/ शेवटी पुन्हा वळसंगला येऊ. विहिरीची ओळख आपण बाबासाहेबांच्या नावाने सांगतो आणि ते योग्यच आहे. पण ते येण्यापूर्वी त्या जमिनीत कुदळी चालल्या होत्या, माती उपसली गेली होती, घरोघरीच्या बायाबापड्यांनी आपला घाम तेथे ओतला होता. त्यांची नावे ठळक अक्षरांत कोठे येत नाहीत. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम त्या पाण्यापाशी संपत नाही. विहीर खोदली कोणी, हेही त्याने विचारले पाहिजे.

२२/ येत्या जयंतीला एक करा. ‘बहिष्कृत भारत’मधला तो अग्रलेख मिळवून पूर्ण वाचा. अभिवादनाचे फलक लावणारे पुष्कळ असतात. त्या माणसाने स्वतःच्या हाताने मांडलेला हिशेब वाचणारे थोडे असतात. त्या थोड्यांत आपण असू या.