हमुराबीची होडी

गेल्या पावसाळ्यात आमच्या संगणकाने मान टाकली. मी डगमगलो नाही. घेतानाच दुकानदाराने जादा पैसे उकळून तीन वर्षांची 'वाढीव वॉरंटी' गळ्यात मारली होती. कागद नाचवत गेलो, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, डिस्क कव्हर होते; पण हिला ओल लागलीय. ओल कव्हर होत नाही." जुलैत, मुंबईत, कुठली वस्तू कोरडी असते, हे विचारायचं धाडस झालं नाही.

घरी येऊन इतिहासाचं पुस्तक उघडलं. (दुसरं उघडण्यासारखं उरलंच नव्हतं!) इसवी सनापूर्वी सुमारे 1750 साली बाबिलोनच्या हमुराबी राजाने दगडावर कायदे कोरून घेतले. तो शिलास्तंभ आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातलं 235 वं कलम म्हणतं : होडी बांधली आणि त्याच वर्षात तिच्यात दोष निघाला, तर बांधणाऱ्याने ती उकलून स्वखर्चाने भक्कम करून द्यावी. म्हणजे वर्षाची हमी, तीही फुकट! आणि होडीला ओल लागली, अशी सबब त्यात नाही.

237 वं कलम तर याच्याही पुढचं. नावाड्याने हलगर्जीपणाने मालाने भरलेली होडी बुडवली, तर होडीबरोबर आतलं धान्य, लोकर, तेल, खजूर, सगळं त्याने भरून द्यायचं.

आमच्या डिस्कमध्ये आईच्या आवाजातल्या ओव्या होत्या. त्या हमुराबीलाही भरून देता आल्या नसत्या, हे कबूल. पण "आत काय होतं हो?" एवढं तरी त्याने विचारलं असतं.