मेंढरांचा पहारेकरी : स्पेनचा मास्तिन

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेलाझ्क्वेथ या थोर चित्रकाराचे १६५६ सालचे ‘लास मेनिनास’ हे चित्र आहे. त्यातील राजकन्येविषयी, तिच्या दासींविषयी आणि आरशात उमटलेल्या राजाराणीविषयी पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. आपण आज त्यांना सोडून उजव्या कोपऱ्यात पुढेच बसलेल्या धिप्पाड कुत्र्याकडे पाहू. राजवाड्यातला एक छोटा सेवक त्याच्या पाठीवर पाय ठेवून त्याला डिवचतो आहे, आणि तो मात्र डोळे मिटून स्वस्थ आहे. हा कुत्रा मास्तिन जातीचा समजतात. लांडग्याशी झुंजण्यासाठी वाढविलेल्या जनावराचा हा सोशिकपणा पाहून नवल वाटते. पण या जातीचा खरा गुण तोच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. मेंढपाळाजवळ दोन प्रकारची कुत्री असतात. एक कळप हाकणारे. लेओन प्रांतात त्याला ‘कारेआ’ म्हणतात. ते लहान, चपळ, आणि त्याची नजर सारखी धन्याकडे. दुसरे कळप राखणारे, म्हणजे मास्तिन. तो मेंढरे हाकीत नाही, मेंढरांतच राहतो. धन्याच्या हुकमाची त्याला फारशी पर्वा नसते, कारण रात्री लांडगा येतो तेव्हा हुकूम देणारा धनी झोपलेला असतो.

या कुत्र्याचा इतिहास मेरिनो मेंढीच्या इतिहासाला जोडलेला आहे. मेंढरे उन्हाळ्यात लेओन, सोरिया, सेगोव्हिया येथील डोंगरांत चरत आणि हिवाळा एस्त्रेमादुरा व आंदालुसियाच्या उबदार माळांवर काढीत. लांबच्या कळपांना पाचशे किलोमीटरांहून अधिक चालावे लागे. १२७३ मध्ये कॅस्टीलचा राजा दहावा आल्फोन्सो याने या मेंढपाळांच्या संघाला सनद दिली. हीच ती सुप्रसिद्ध ‘मेस्ता’. तिच्या कळपांसाठी ‘कान्यादा’ नावाच्या वाटा राखीव होत्या, आणि मोठ्या कान्यादांची रुंदी सुमारे ७५ मीटर ठरलेली होती. लोकरीवर राजाचा खजिना भरत होता. मग वाटेकाठच्या शेतकऱ्याची तक्रार कोण ऐकणार? मेस्तेचे गुणगान करणाऱ्यांना ही बाजू बहुधा आठवत नाही.

या संघाने कुत्र्याला कायद्यात जागा दिली. साधारण हजार मेंढरांच्या कळपामागे पाच कुत्री असत, आणि प्रत्येक कुत्र्याचा शिधा मेंढपाळाच्या शिध्याइतकाच असे. कुत्र्याला इजा करणाऱ्यास दंड मेंढ्यांच्या रूपाने भरावा लागे, निदान पाच मेंढ्या! माणसाच्या बरोबरीने भाकरी मिळविणारी किती जनावरे इतिहासात सापडतील?

त्याची ठेवण कामातूनच घडली. नराची उंची खांद्यापाशी निदान ७७ सेंटिमीटर, मादीची ७२. कातडी सैल, गळ्याखाली लोंबती, त्यामुळे लांडग्याचे दात सहसा खोल जात नाहीत. शिवाय गळ्यात ‘कार्लांका’ हा लोखंडी खिळ्यांचा पट्टा. आवाज घोगरा, खोल आणि दूरवर ऐकू जाणारा. पुष्कळदा प्रत्यक्ष झुंज होतच नाही. लांडगा त्या भुंकण्यानेच मागे फिरतो.

परंतु देहापेक्षा संस्कार महत्त्वाचा. पिलू काही आठवड्यांचे असतानाच कोकरांच्या वाडग्यात ठेवतात. तेथेच ते खाते, झोपते, मेंढरांच्या वासात वाढते आणि कळपालाच आपले गणगोत समजू लागते. वडीलधाऱ्या कुत्र्यांचे पाहून बाकीचे शिकते. अंगणात वाढलेला मास्तिन दिसायला तोच. पण त्याला मेंढरांत सोडले तर तो त्यांचा राखणदार होईलच असे नाही.

१८३६ मध्ये मेस्ता बरखास्त झाली. पुढे कळप आगगाडीने जाऊ लागले आणि वाटा ओस पडल्या. १९३६ ते १९३९ च्या यादवीनंतरच्या हलाखीत मोठ्या कुत्र्याचे पोट भरणे जड गेले. १९५३ च्या हुकमाने उपद्रवी प्राण्यांच्या संहारासाठी मंडळे नेमली गेली. विष आणि बंदूक यांच्यापुढे १९७० च्या सुमारास लांडगा वायव्येच्या डोंगरांत कसाबसा उरला. जेथून लांडगा गेला तेथून कुत्र्याचे कामही गेले.

१९८१ मध्ये मास्तिनप्रेमींचा संघ निघाला आणि जातीची नोंद व्यवस्थित होऊ लागली. हे काम मोलाचेच. पण प्रदर्शनांच्या रिंगणात अधिकाधिक जड, अधिकाधिक सुरकुतलेल्या कुत्र्यांना मान मिळू लागला. डोंगर चढणाऱ्या मेंढपाळाला असले ओझे नको असते. रिंगणाने मास्तिनचे रूप वाचविले. त्याचे शील मात्र सामोरा आणि लेओन येथल्या मेंढपाळांनी वाचविले, असे आम्हांस वाटते. त्यांच्याकडे लांडगा कधी संपला नाही, म्हणून पिलू वाढविण्याची विद्याही संपली नाही.

आता लांडगा दुएरो नदी ओलांडून आविला आणि सेगोव्हियाकडे परतला आहे. तेथे दोन-तीन पिढ्यांनी मास्तिन पाळलेलाच नाही. मेंढरे रात्री उघड्यावर सोडण्याची सवय जडलेली आहे. तेथील मेंढपाळाने आज पिलू आणले, तरी ते अंगाने आणि मनाने तयार व्हायला दीड-दोन वर्षे लागतात. तोवर वाडग्याशी माणसालाच जागावे लागते.