८० रुपये, सात जणी आणि उधारीचा हिशोब

आजचा एपिसोड अशांसाठी आहे, जे स्वतःच्या हिमतीवर छोटं काहीतरी चालवतायत. कोणी केक करून विकतं, कोणी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतं, कोणी माझ्यासारखं लोकांना सॉफ्टवेअर बनवून देतं. काम आपल्या सगळ्यांना येतं. मग महिनाअखेरीला खातं रिकामं का? या प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर मला लिज्जत पापडाच्या इतिहासात सापडलं.

तारीख १५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. त्यांच्यातल्या एक म्हणजे जसवंतीबेन जमनादास पोपट, ज्यांना पुढे २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. भांडवल होतं ८० रुपये, तेही उसने. ते दिले छगनलाल करमसी पारेख यांनी, म्हणजे सगळ्यांच्या छगनबापांनी. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात काढलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे ते सदस्य. पहिल्या दिवशी चार पाकिटं तयार झाली आणि भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली.

आता विचार करा. १९५९ साली पापड कोणाला येत नव्हते? उन्हाळा आला की घरोघरी वाळवणं असायची. म्हणजे या सात जणींकडे असं काही खास कौशल्य नव्हतं, जे शेजारणीकडे नव्हतं. माझं म्हणणं असं, की त्यांना तारलं ते धंदा अगदी लहान असताना लावून घेतलेल्या पैशांच्या शिस्तीने.

पहिली शिस्त: तोटा झाला तरी चालेल, पण देणगी घ्यायची नाही. कर्ज चालेल, दान नाही. ऐकायला हे स्वाभिमानाचं वाटतं, पण त्यात व्यवहारही आहे. दर महिन्याचा खड्डा कोणीतरी बाहेरून बुजवत असेल, तर आपला भाव चुकतोय हे कळणार कधी? आपल्यापैकी अनेकांचा खड्डा आईबाबा बुजवतात. त्यांच्याकडून पैसे जरूर घ्या, पण वहीत कर्ज म्हणून लिहा. धंद्याचं खातं वेगळं ठेवा आणि त्यातून स्वतःला ठरलेल्या तारखेला ठरलेला पगार द्या.

दुसरी शिस्त मालाची. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या. एक चांगला, एक जरा हलका, स्वस्तातला. छगनबापांनी सांगितलं, एकच प्रत करा, ती उत्तम करा आणि तिच्यात तडजोड नको. फ्रीलान्सिंगमध्ये हे रोज दिसतं. ‘कमी बजेटमध्ये साधंसं करून द्या’ असं काम घेतलं, की वेळ जवळपास तेवढाच जातो आणि बाजारात आपली ओळख त्या साध्याशा कामाने होते. बजेट कमी असेल तर काम कमी करा, दर्जा तोच ठेवा. पाच पानांची वेबसाइट परवडत नसेल तर दोन पानांची द्या, पण नीट द्या.

तिसरी गोष्ट हिशोबाची. धंदा धंद्यासारखा चालवा आणि हिशोब चोख ठेवा, यावर छगनबापांचा भर होता. म्हणून आज आपल्याला माहीत आहे, की पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. महिन्याची सरासरी साधारण ५१६ रुपये. नफा नव्हे हं, विक्री! आणि पहिल्या तीन महिन्यांतच बायकांची संख्या २५ च्या आसपास गेली होती. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला किती येत असेल, बघा. यशाच्या गोष्टीत हा भाग कोणी सांगत नाही.

त्यात पावसाळा आला. ऊन नाही म्हणजे वाळवण नाही. पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी काय केलं? एक खाट आणली, एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. झालं वाळवणयंत्र तयार! मला इंजिनिअर म्हणून हा उपाय फार आवडतो. अडचण आधी पूर्ण एक वर्ष अनुभवली, मग तिच्यावर लागेल तेवढाच खर्च केला. प्रत्येक धंद्याला त्याचा पावसाळा असतो. लग्नसराई संपली की व्हिडिओवाल्यांचा सुरू होतो. तुमचे कोरडे महिने कोणते, हे वहीतूनच कळेल. तेवढ्या महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला काढा, नवा कॅमेरा नंतर.

आणि हो, ‘लिज्जत’ हे नाव १९६२ मध्ये आलं, तेही ५ रुपये बक्षिसाच्या स्पर्धेतून. आपण धंदा सुरू करायच्या आधी लोगोवर महिना घालवतो! १९६२-६३ ची विक्री होती १ लाख ८२ हजार रुपये.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उधारी. लिज्जतची जी पद्धत पुढे पक्की झाली ती अशी: सकाळी मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे. वजन झालं की मजुरी लगेच हातात. वितरकही माल उचलताना रोख मोजतो. पैसा कुठे अडकतच नाही. गणित करून बघा. ८० रुपये महिनाभर दुकानदाराकडे अडकले, तर वर्षात १२ वेळाच फिरतील. आठवड्यात परत आले तर ५२ वेळा. भांडवल तेच, धंदा चौपटीहून जास्त.

माझं एक बिल एका कंपनीकडे तीन महिने पडून होतं. काम पसंत, फोनवर कौतुक, पैसे मात्र ‘प्रोसेसमध्ये’. त्या तीन महिन्यांत ती मोठी कंपनी माझ्या पैशांवर चालत होती, बिनव्याजी. आता माझा करार सरळ असतो: निम्मे पैसे आधी, उरलेले टप्प्याटप्प्याने आणि शेवटचा हप्ता आल्यावरच पूर्ण कोड हातात.

कायदाही आपल्या बाजूने आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे, नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने वस्तू बनवून दिली किंवा सेवा दिली, तर करारात काहीही लिहिलं असलं तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बिलावर उद्यम क्रमांक आणि ही ४५ दिवसांची ओळ छापा. मागायला तोंड उघडावं लागत नाही, कागद बोलतो.

लिज्जतचं सगळंच जमलं असं नाही. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढायचा प्रयत्न फसला. १९७९ मध्ये चामड्याच्या वस्तू आणि काडेपेट्या करून पाहिल्या, शिवाय अगरबत्तीही, पण त्याही चालल्या नाहीत. पण पापडाचा हिशोब ठीक होता, म्हणून हे फटके पचले.

एक फरक मात्र विसरू नका. त्या सात जणी होत्या, शिवाय कान धरणारे छगनबापा होते. आपण बहुतेक एकटे असतो. म्हणून दर महिन्याला आपली वही दाखवता येईल असा एक माणूस शोधा. बहीण चालेल, जुना सर चालेल, नाक्यावरचा किराणा दुकानदार तर उत्तमच. त्याला तुमच्या कामातलं काही कळलं नाही तरी हरकत नाही. त्याने एवढंच विचारावं: ‘या महिन्यात कोणाकडून किती यायचंय आणि कधी?’

या प्रश्नाचं तुमचं उत्तर काय, ते कमेंटमध्ये सांगा. नावं नकोत, फक्त किती दिवस झाले तेवढं लिहा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.